कंपनी कोणाची?

आमच्या अभ्यासवर्गात गेले सहा महिने आम्ही एकच विषय घेतला आहे. कंपनी म्हणजे काय, ती चालवतो कोण आणि ती चालते कोणासाठी? इंग्रजी पुस्तकांत या विषयाला 'कॉर्पोरेट गव्हर्नन्स' आणि 'थिअरी ऑफ द फर्म' अशी भारदस्त नावे आहेत. यावरून शाखेत बरीच कुरबूर झाली. एका जुन्या कार्यकर्त्याने भर सभेत विचारले, 'रिकाम्या जागा भरत नाहीत, बारा बारा तास ड्यूटी चालली आहे, आणि तुम्ही मालकांच्या पोरांची पुस्तके कसली वाचत बसलात?' टाळ्या पडल्या. त्याच सुमारास एका प्रशिक्षण वर्गात आमच्यातल्याच एका सुपरवायझरला सांगण्यात आले की हा तज्ज्ञांचा विषय आहे, युनियनवाल्यांनी त्यात डोके घालू नये. तिथेही माना डोलल्या.

ठिकाणे दोन, माणसे निराळी, पण मत एकच: कामगाराने हे शिकू नये. आपला कडवा कार्यकर्ता आणि साहेब यांचे ज्या गोष्टीवर एकमत होते, ती गोष्ट तपासून पाहिलीच पाहिजे. म्हणून हा लेख.

कावेरीकाठचे एक गाव

गेल्या कार्तिक अमावास्येला आम्ही काही जण तमिळनाडूत तिरुविसनल्लूरला होतो. कुंभकोणम स्टेशनवर उतरून सात-आठ किलोमीटर गेले की कावेरीच्या काठी हे गाव लागते. मराठी माणसाने हे गाव मुद्दाम पाहावे असे आहे. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांचे पुत्र शहाजीराजे यांनी तंजावरवर १६८४ ते १७१२ पर्यंत राज्य केले. त्यांनी १६९३ साली हे गाव चाळीसहून अधिक विद्वानांना अग्रहार म्हणून दिले आणि गावाला 'शहाजीराजपुरम्' असे नाव पडले. रामभद्र दीक्षित, श्रीधर वेंकटेश अय्यावाळ असे मोठे पंडित इथे राहिले. व्याकरण, काव्य, वेदान्त यांचे ते एक विद्यापीठच होते.

विद्वत्तेचा हा मान आम्ही कमी लेखत नाही. राजाने पंडितांना घर आणि पोटाची हमी दिली म्हणून ग्रंथ झाले. पण आम्ही रेल्वे आणि टपालातली माणसे. आम्हाला दुसराच प्रश्न पडला. पंडितांची नावे तीनशे वर्षांनी आजही घेतली जातात. त्यांच्या ताटातला भात ज्याने पिकवला, त्याचे नाव काय?

तंजावरच्या खोऱ्यात गावे वाट्यांनी धरली जात. वाट्याला तमिळमध्ये 'पंगु' म्हणतात आणि वाटेकऱ्याला मिरासदार. हा शब्द आपल्याला परका नाही. आपल्याकडेही मिरासदार होता आणि त्याच्या खाली उपरी होता. तंजावरचा मिरासदार आपला वाटा विकू शके, गहाण ठेवू शके, वारसाला देऊ शके. काही गावांत ठराविक वर्षांनी जमिनीची फेरवाटणी होई, पण वाट्याचे प्रमाण कायम राही. वाटेकऱ्याने नांगराला हात लावलाच पाहिजे असे नव्हते. नांगर धरणारा होता पन्नैयाळ, म्हणजे शेतावर पिढ्यान्पिढ्या बांधलेला गडी. त्याला वाटा नव्हता. त्याला मिळे ते मापाने मोजलेले धान्य.

आता आजच्या भाषेत हेच सांगून पाहा. गाव म्हणजे कंपनी. पंगु म्हणजे शेअर. मिरासदार म्हणजे भागधारक. पन्नैयाळ म्हणजे तुम्ही आणि आम्ही. शेअर बाजार कुंभकोणमला पोचण्याआधी ही व्यवस्था तिथे होती. पुढे १९०४ साली कुंभकोणम बँक लिमिटेड निघाली, तीच आजची सिटी युनियन बँक. तेव्हा कंपनी ही बाहेरून आलेली जादू आहे आणि ती फक्त साहेबाला कळते, हे आधी डोक्यातून काढून टाका. वाटा कोणाचा आणि राबणे कोणाचे, हा प्रश्न या मातीत जुना आहे.

या गावातली एक कथा सर्वांना ठाऊक आहे. अय्यावाळांच्या घरी श्राद्ध होते. दारात उपाशी माणूस आला. तो ज्या जातीचा होता तिला त्या रस्त्यावर थारा नव्हता. अय्यावाळांनी श्राद्धासाठी रांधलेले अन्न त्याला वाढले. बाकीचे ब्राह्मण उठून गेले आणि म्हणाले, काशीला जाऊन गंगास्नान कर, मगच तुला पंगतीत घेऊ. तेव्हा त्यांच्या घरच्या विहिरीतच गंगा प्रकट झाली, अशी श्रद्धा आहे. दर वर्षी कार्तिक अमावास्येला हजारो लोक त्या विहिरीच्या पाण्याने स्नान करतात. आम्हीही रांगेत उभे राहिलो.

रांगेत आमच्यासोबत गावाकडचा एक निवृत्त टपाल कर्मचारी होता. तो म्हणाला, 'सगळे गंगेची गोष्ट सांगतात. त्या दिवशीचे तांदूळ कोणी पिकवले होते ते कोणी विचारत नाही.' आमच्या अभ्यासवर्गाचा सगळा अभ्यासक्रम त्या एका वाक्यात आला.

पुस्तके काय म्हणतात

या शास्त्रातली चार नावे लक्षात ठेवा. १९३२ साली अमेरिकेत बर्ली आणि मीन्स या दोघांनी दाखवले की मोठ्या कंपनीत मालक एक आणि चालवणारा दुसरा असतो. हजारो भागधारक विखुरलेले असतात आणि कारभार पगारी मॅनेजरांच्या मुठीत जातो. १९३७ साली रोनाल्ड कोझ यांनी साधा प्रश्न विचारला: सगळे काही बाजारात विकत मिळते, तर मग कंपनी असतेच कशाला? त्यांचे उत्तर असे की दर कामासाठी बाजारात जाऊन माणूस शोधणे, भाव ठरवणे, करार करणे याला खर्च येतो. तो खर्च वाचत असेल तिथे काम हुकमाने आत करून घेतात. वाचत नसेल तिथे बाहेर देतात. १९७० साली मिल्टन फ्रीडमन यांनी लिहिले की धंद्याची सामाजिक जबाबदारी एकच, कायद्याच्या चौकटीत राहून नफा वाढवणे. १९७६ साली जेन्सन आणि मेकलिंग यांनी असे मांडले की कंपनी म्हणजे करारांचे जाळे आणि मॅनेजर म्हणजे भागधारकांचा मुनीम. मुनीम मालकाच्या पैशावर चैन करणार नाही याची तजवीज करणे, हाच सगळा कारभाराचा प्रश्न.

यावर पुढे समित्या आल्या. ब्रिटनमध्ये १९९२ साली कॅडबरी समिती, आपल्याकडे १९९९ साली कुमारमंगलम बिर्ला समिती आणि त्यानंतर शेअर बाजाराच्या करारातले कलम ४९. स्वतंत्र संचालक, ऑडिट समिती हे शब्द तेव्हापासून रुळले. या समित्यांचा कागद वाईट नव्हता. पण कागदाने काय होते ते 'सत्यम'ने दाखवले. या कंपनीला २००८ साली उत्तम कारभाराचा पुरस्कार मिळाला होता. तिच्या संचालक मंडळावर नामवंत प्राध्यापक होते. ७ जानेवारी २००९ रोजी तिच्या अध्यक्षांनीच पत्र लिहून कबूल केले की हिशेब हजारो कोटींनी फुगवलेले होते. सर्व चौकटी जागेवर होत्या. जी माणसे रोज ते काम करत होती, त्यांच्यापैकी एकालाही त्या मंडळात विचारले जात नव्हते.

जोखीम कोणाची?

या शास्त्राचा कणा एका युक्तिवादात आहे. कामगाराला ठरलेला पगार मिळतो, सावकाराला ठरलेले व्याज मिळते. सगळ्यांचे देऊन जे उरते ते भागधारकाचे. उरले तर त्याचे, नाही उरले तर त्याचेच नुकसान. जोखीम त्याची, म्हणून हुकूमही त्याचा. ऐकायला न्याय्य वाटते. पण हे आपल्या अनुभवाला लावून पाहू.

आपल्या देशातल्या सुरुवातीच्या एका मोठ्या रेल्वे कंपनीपासून सुरुवात करू. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनी १८४९ साली लंडनच्या पार्लमेंटच्या कायद्याने स्थापन झाली. १६ एप्रिल १८५३ रोजी तिची गाडी बोरीबंदरहून ठाण्याला धावली. या कंपनीच्या भागधारकांना भांडवलावर पाच टक्के परताव्याची हमी होती. कमी पडले तर भरपाई हिंदुस्थानच्या तिजोरीतून. म्हणजे गाडी चालो न चालो, खर्च नेमका होवो की उधळला जावो, लंडनच्या गृहस्थाचे पाच टक्के पक्के. तिजोरीत पैसा येई शेतसाऱ्यातून. दादाभाई नौरोजी आणि गणेश व्यंकटेश जोशी यांनी रेल्वेच्या या खर्चाचे हिशेब मांडून टीका केली, ती वाचण्यासारखी आहे. भोर घाटाचा मार्ग १८६३ साली खुला झाला. तो फोडताना पटकीने, दरडींनी, सुरुंगांनी हजारो मजूर मेले. त्यांना हमी कसली होती? आता सांगा, जोखीम कोणाची होती? नफा भागधारकाचा, तोटा रयतेचा आणि मरण मजुराचे. जोखीम घेणाऱ्याचा हुकूम चालावा हा नियम खरा असता, तर जीआयपी कंपनीचे संचालक मंडळ लंडनला नव्हे, खंडाळ्याच्या मजूर वस्तीत बसायला हवे होते.

कुंभकोणमवरून जाणारा मार्गही अशाच कंपनीचा, साउथ इंडियन रेल्वेचा. तिचे मंडळही लंडनला बसे. नागपट्टणमचा वर्कशॉप हलवून तिरुचिरापल्लीजवळ गोल्डन रॉकला नेण्याचे ठरले आणि त्यासोबत माणसे कमी करण्याचेही. जुलै १९२८ मध्ये कामगारांनी संप केला. सिंगारवेलु चेट्टियार यांच्यासारखे नेते तुरुंगात गेले. वर्कशॉप हलवणाऱ्या मंडळातल्या कोणालाही घर हलवावे लागले नाही.

जुने नको असेल तर मुंबई घ्या. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख गिरणी कामगार त्यात होते. गिरण्या बुडाल्या म्हणतात. भागधारक बुडाला का? गिरणीच्या जमिनीवर टॉवर आणि मॉल उभे राहिले. बुडाला तो लालबाग-परळचा माणूस, ज्याच्या हातात साच्याचे कसब होते आणि त्या कसबाला गिरणीबाहेर गिऱ्हाईक नव्हते.

इथे शास्त्राचाच एक मुद्दा आपल्या उपयोगाचा आहे. शेअर पाच मिनिटांत विकता येतो. भागधारक दहा कंपन्यांत पैसा विभागून ठेवतो. पण पंचवीस वर्षे एकाच यार्डात काम केलेल्या पॉइंट्समनचे ज्ञान कुठल्या बाजारात विकायचे? आरएमएसच्या सॉर्टरला शेकडो गावांची पोस्ट ऑफिसे तोंडपाठ असतात. ती विद्या बाहेर कोण विकत घेतो? ऑलिव्हर विल्यमसन यांच्यासारख्या अर्थशास्त्रज्ञांनी हे ओळखले होते की काही गुंतवणूक एका ठिकाणी अडकून पडते. मार्गारेट ब्लेअर यांनी १९९५ साली पुस्तक लिहून त्याचा सरळ अर्थ सांगितला: कामगारही आपल्या कसबाची गुंतवणूक कंपनीत करतो आणि तोही जोखीम घेतो, म्हणून कारभार केवळ भागधारकासाठी असू शकत नाही. हे पुस्तक मॉस्कोत नाही, वॉशिंग्टनमध्ये निघाले. आमच्या कडव्या साथीला आम्ही विचारतो: हे हत्यार शत्रूच्या कोठारात पडून राहू द्यायचे, की उचलायचे?

कायदा काय म्हणतो

'भागधारक हा कंपनीचा मालक' हे वाक्य इतक्या वेळा ऐकवले जाते की आपण ते मान्य करून बसतो. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र १९५४ साली, मुंबईच्या बाचा गझदर यांच्या प्राप्तिकराच्या खटल्यात, स्पष्ट सांगितले की कंपनीच्या मालमत्तेवर भागधारकाची मालकी नसते. त्याला लाभांश जाहीर झाला तर त्यावर हक्क आहे, मत देण्याचा हक्क आहे, कंपनी गुंडाळल्यावर उरलेल्यात वाटा आहे. कंपनी मात्र स्वतंत्र व्यक्ती आहे. मग ती व्यक्ती कोणाची, हा प्रश्न खुला राहतो.

१९८२ साली त्याच न्यायालयापुढे कोइम्बतूरच्या एका कंपनीचे प्रकरण आले. कंपनी गुंडाळण्याचा अर्ज होता आणि कामगारांच्या युनियनला आपले म्हणणे मांडायचे होते. भागधारकांच्या भांडणात कामगारांचे काय काम, असा आक्षेप होता. न्यायालयाने बहुमताने निर्णय दिला की कामगारांना म्हणणे मांडण्याचा हक्क आहे. नॅशनल टेक्स्टाइल वर्कर्स युनियनचा हा खटला प्रत्येक शाखेच्या कपाटात असला पाहिजे.

राज्यघटनेत ४२व्या दुरुस्तीने १९७६ साली कलम ४३-अ आले. उद्योगाच्या व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग राज्याने साधावा असे ते सांगते. बँकांच्या राष्ट्रीयीकरणाच्या १९७० च्या कायद्याने संचालक मंडळावर कामगार संचालकाची जागा ठेवली. त्या जागाही पुढे अनेक वर्षे रिकाम्या राहिल्या, हे बँकेतल्या आपल्या साथींना विचारा. सर्व उद्योगांत कामगार सहभाग आणणारे विधेयक १९९० साली राज्यसभेत मांडले गेले, त्याचा कायदा कधी झाला नाही. कंपनी कायदा २०१३ चे कलम १६६ संचालकाला सांगते की त्याने कंपनी, तिचे कामगार, भागधारक, समाज आणि पर्यावरण यांच्या हिताने वागावे. कामगार हा शब्द कायद्यात आहे. मंडळाच्या खोलीत कामगार नाही. जर्मनीत दोन हजारांहून अधिक कामगारांच्या कंपनीत देखरेख मंडळावरच्या निम्म्या जागा १९७६ पासून कामगार प्रतिनिधींच्या आहेत. तिथेही अध्यक्षाचे जादा मत सहसा भांडवलाच्या बाजूला राहते. तरी त्या देशाचे कारखाने काही बंद पडले नाहीत.

आत कोण, बाहेर कोण

आता कोझ यांच्या प्रश्नाकडे पुन्हा या. काय आत ठेवायचे आणि काय बाहेर द्यायचे? त्यांच्यासाठी हा खर्चाचा हिशेब होता. आपल्यासाठी ही भाकरीची रेषा आहे.

टपालातल्या साथींना ही रेषा शिकवायला नको. खेड्यातले शाखा कार्यालय चालवणाऱ्याला वर्षानुवर्षे 'एक्स्ट्रा डिपार्टमेंटल' म्हटले गेले. म्हणजे काम खात्याचे, शिक्का खात्याचा, माणूस मात्र खात्याबाहेरचा. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली राजम्मा प्रकरणात सांगितले की ही पदे नागरी पदे आहेत. २००१ साली नाव बदलून 'ग्रामीण डाक सेवक' झाले. पाटी बदलली, रेषा तिथेच राहिली. आता त्याच माणसाच्या हातात इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचे यंत्र आहे. ही बँक २०१६ साली कंपनी म्हणून नोंदली गेली आणि २०१८ साली देशभर सुरू झाली. कंपनी वेगळी, खाते वेगळे, दारात जाणारा पाय तोच. कंपनी खात्याला किती देते, खाते त्या माणसाला किती देते, याचा हिशेब मागणे हाच कारभाराचा अभ्यास आहे.

रेल्वेत सफाई, खानपान, चादरी, पार्किंग, रुळांची कितीतरी कामे ठेक्यावर गेली. ठेकेदाराचा माणूस त्याच प्लॅटफॉर्मवर, त्याच उन्हात काम करतो. तो आपला सभासद नाही म्हणून आपण डोळे मिटले, तर रेषा साहेबाने आखली आणि राखण आपण केली असे होईल.

हे केवळ भांडवलदार करतो असेही नाही. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला, ते फार मोठे काम होते. शेतकरी सभासद झाला, मालक झाला. पण महाराष्ट्रभरच्या फडात कोयता चालवणारा बीडकडचा ऊसतोड मजूर सभासद झाला नाही. तो मुकादमाच्या उचलीवर येतो आणि मुकादमाच्या वहीत राहतो. अग्रहारात पन्नैयाळ जिथे होता, सहकारात ऊसतोड मजूर तिथेच आहे. मालकी बदलली की सगळे बदलते, असे म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा.

एका दिवसाचा धडा

राज्य कोणाचे आहे ते कळायला कधी कधी एक दिवस पुरतो. आयआरसीटीसी ही रेल्वेचीच कंपनी ऑक्टोबर २०१९ मध्ये शेअर बाजारात उतरली. तिकिटे रेल्वेची, गाड्या रेल्वेच्या, प्रवासी रेल्वेचे. ऑनलाइन तिकिटावरचे सुविधा शुल्क या कंपनीकडे जाते. २८ ऑक्टोबर २०२१ रोजी बातमी आली की या शुल्कातला निम्मा वाटा १ नोव्हेंबरपासून रेल्वेला द्यावा असे मंत्रालयाने ठरवले आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी शेअर कोसळला. त्याच दिवशी निर्णय मागे घेतला गेला.

साथींनो, १९७४ साली मे महिन्यात लाखो रेल्वे कामगारांनी वीस दिवस संप केला. हजारो तुरुंगात गेले, क्वार्टर्समधून बायकापोरे बाहेर काढली गेली, तरी सरकार हलले नाही. इथे बाजाराने एक सकाळ डोळे वटारले आणि सरकारने आपलाच आदेश गिळला. बहुसंख्य शेअर सरकारकडे होते तरीही. यातून शिकायचे ते हे, की शेअर थोडेसे जरी बाजारात गेले, तरी कारभाराचा सूर बाजार लावतो. 'फक्त काही टक्केच विकतो आहोत' असे सांगितले जाईल, तेव्हा हा दिवस आठवा.

अभ्यासाने काय मिळते

आमचा जुना साथी विचारेल, एवढे शिकून पदरात काय पडते? दोन उदाहरणे देतो, एक यशाचे आणि एक सावधगिरीचे.

१९८५ पर्यंत तार-टेलिफोन आणि टपाल एकच खाते होते. म्हणून ही गोष्ट आपल्याच घरातली. १ ऑक्टोबर २००० रोजी टेलिकॉम सेवेची बीएसएनएल ही कंपनी झाली. त्याआधी सप्टेंबरमध्ये कर्मचाऱ्यांनी संप केला. त्यांनी नुसते 'कंपनी नको' एवढेच म्हटले नाही. कंपनी झालीच तर आमची पेन्शन कोण देणार, कोणत्या नियमाखाली, हे लेखी मागितले. पेन्शनच्या नियमांत ३७-अ हा नियम आला आणि खात्यातून कंपनीत गेलेल्यांची सरकारी पेन्शन शाबूत राहिली. पुढे कंपनी खचली आणि २०२० च्या जानेवारीअखेर सुमारे ७८ हजार माणसे स्वेच्छानिवृत्तीने बाहेर पडली. त्या दिवशी त्यांच्या हातात जी पेन्शन होती, ती वीस वर्षांपूर्वी कोणीतरी नियम वाचले होते म्हणून होती.

दुसरे उदाहरण कुर्ल्याच्या कमानी ट्यूब्जचे. मालक घराण्याच्या भांडणात कारखाना बंद पडला. युनियनने ताळेबंद वाचले, योजना तयार केली, आणि १९८८ साली कामगारांच्या सहकारी संस्थेने कारखाना घेण्याची योजना मंजूर झाली. कामगारांनी आपली पुंजी घातली, कारखाना पुन्हा सुरू केला. काही वर्षे तो चांगला चालला. पुढे नव्वदच्या दशकात भांडवल कमी पडले, बाजार उलटला, आतले मतभेद वाढले आणि कारखाना पुन्हा आजारी झाला. आम्ही हे लपवत नाही. मालकी मिळाली म्हणून कारभार आपोआप येत नाही, तो शिकावा लागतो. पण मालकाने बुडवला तर 'बाजाराचा नियम' आणि कामगाराला जड गेले तर 'कामगाराची लायकी नाही', असा दुटप्पी निकाल आम्ही मानणार नाही.

आणि न शिकण्याची किंमत? तीही तंजावरच्याच खोऱ्यात मोजली गेली आहे. १९५२ साली पन्नैयाळांना संरक्षण देणारा कायदा झाला, पण कागद आणि शेत यांत अंतर होते. मजूर संघटित झाले, तशी जमीनदारांनीही आपली भात उत्पादक संघटना काढली. २५ डिसेंबर १९६८ रोजी किळवेण्मणि येथे चव्वेचाळीस दलित मजूर, त्यांत बहुतेक बायका आणि मुले, एका झोपडीत जाळले गेले. मागणी होती धान्याचे माप थोडे वाढवण्याची आणि आपल्या युनियनमध्ये राहू देण्याची. १९७३ साली उच्च न्यायालयाने जमीनदारांना निर्दोष सोडले. त्या मजुरांचे धैर्य कमी पडले नव्हते. वाटेकऱ्यांकडे संघटना, वकील, हिशेब आणि कायद्याचे ज्ञान होते. राबणाऱ्यांकडे फक्त धैर्य होते. धैर्याला ज्ञानाची जोड द्यायची की नाही, एवढाच आमचा प्रश्न आहे.

म्हणून आमचे म्हणणे

प्रत्येक शाखेत महिन्यातून एकदा अभ्यासवर्ग झाला पाहिजे. त्यात जाडजूड पुस्तकांनी सुरुवात नको. रेल्वेच्या किंवा टपालाच्या एखाद्या कंपनीचा वार्षिक अहवाल घ्यावा आणि चार प्रश्न विचारावेत. मंडळावर कोण आहेत आणि त्यांना कोणी नेमले? उरलेला पैसा कोणाकडे गेला? कोणते काम आत आहे आणि कोणते ठेक्यावर? चुकीच्या निर्णयाची किंमत कोणी मोजली? या चार प्रश्नांची उत्तरे ज्याला काढता येतात, त्याला कारभाराचे शास्त्र आले असे समजावे.

वर्गात ग्रामीण डाक सेवक आणि ठेक्यावरचा कामगार यांना बोलावलेच पाहिजे. त्यांच्याशिवाय होणारा अभ्यास हा अग्रहारातला अभ्यास होईल: थोर, पण भात कोणी पिकवला ते न विचारणारा.

आणि संचालक मंडळावर गुप्त मतदानाने निवडलेले कामगार प्रतिनिधी हवेत, ही मागणी कलम ४३-अ च्या आधारे नेटाने लावून धरली पाहिजे. एकटा कामगार संचालक मंडळात शोभेचा ठरू शकतो, हे आम्ही जाणतो. पण ज्याच्या मागे अहवाल वाचणाऱ्या हजार शाखा आहेत, तो एकटा नसतो.

सरकारी मालकी हे आपले ध्येय आहे आणि राहील. पण सरकारी म्हणजे आपली, असे समजून आपण झोपलो. खात्याची कंपनी होताना जाग आली, तेव्हा कागद तयार होते. २०१९ साली रेल्वेचे उत्पादन कारखाने कंपनीखाली नेण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा कामगारांनी विरोध केला. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या झाल्या. पुढचा प्रस्ताव येईल तेव्हा घोषणा तर देऊच. पण प्रस्तावातले कुठले कलम आपली पेन्शन खाते आहे, ते बोट ठेवून दाखवणारी दहा माणसे प्रत्येक शाखेत असली पाहिजेत.

तिरुविसनल्लूरच्या त्या विहिरीवर आम्ही स्नान केले. पाणी थंड होते. ज्याच्यासाठी ती गंगा आली म्हणतात, तो उपाशी माणूस त्या कथेत जेवतो आणि निघून जातो. पंगतीत बसायचे की नाही याचा वाद पंडितांमध्येच होतो. त्याला कोणी विचारत नाही, त्याचे नावही राहत नाही. साथींनो, आपण जेवून निघून जाणाऱ्यांपैकी नाही. तांदूळ आपण पिकवले आहेत. पंगतीचा हिशेब आता आपण मागणार, आणि मागण्याआधी तो वाचायला शिकणार.